एका काचेचं लग्न

माझ्या लग्नाचा फोटो लग्नाच्या दुसऱ्या दिवशी निघाला, आणि याचं सगळं श्रेय माझ्या उर्दूला आहे.

निजामाच्या राज्यात आमच्या पिढीच्या पोरांना चार बुकं शिकायची तर ती उर्दूतूनच शिकावी लागत. बाकीचे पोटापुरती उर्दू शिकले, मी मिरवण्यापुरती शिकलो. जालन्याच्या कचेरीत मी अहलकार होतो, म्हणजे साध्या भाषेत कारकून, आणि कारकुनांतही सगळ्यात शेवटचा. वरच्यांपुढे दिवसभर मान खाली घालून झाली की उरलेली ऐट मी बाजारात खर्च करायचो. भाजीवालीशीसुद्धा असा अदबीनं बोलायचो की ती बिचारी पदर सावरून उभी राहायची. भाव मात्र एका पैशानं कमी करायची नाही.

आमचं घर हसनाबादेला. मी रांगत होतो तेव्हाच वडील गेले. पुढं शेत काकांनी आणि आईनं मिळून सांभाळलं. काकांनी सांगायचं आणि आईनं करायचं, अशी ती वाटणी होती. माझं लग्न बदनापूरच्या मुलीशी ठरलं, पण मुलगी बघायला आई गेली नाही, काका-काकू गेले. देवक बसवायला काका-काकू, हळदीला काकू, मांडवात आईबाप म्हणूनही तेच दोघं उभे राहणार होते. विधवेनं शुभकार्यात पुढं व्हायचं नाही, अशी रीतच होती. यात कुणी दुष्ट नव्हतं. काकूला तर आईच्या जागी पाटावर बसायच्या विचारानंच रडू यायचं. पण रीत मोडायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली नाही, माझ्या तर नाहीच नाही. मी तेव्हा नव्या कोटाच्या कापडाचा विचार करत होतो.

लग्नाआधी एकदा सुट्टीला घरी गेलो तेव्हा आई अंगणात बियाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसलो. तिनं मान वर न करता विचारलं की जालन्यात कुणी फोटोवाला आहे म्हणतात ते खरं का. आहे म्हटलं. तिनं हातातली शेंग फोडली.

"मला काई मांडवात यायचं न्हाई," ती म्हणाली. "तू लगीन लागताना एक फोटो काढून घे. मंग मी बघीन निवांत."

आणि थोड्या वेळानं, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं म्हणाली, "तुझ्या बापाचा एखादा असता तर बरं झालं असतं. आता त्याचं तोंड मलाबी बराबर आठवंना."

आईनं माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही पहिली वस्तू. मी छाती पुढं काढून हो म्हणालो. खरं सांगायचं तर फोटोची हौस मला आधीपासूनच होती. आमच्या पेशकारांच्या, म्हणजे कचेरीतल्या माझ्या वरिष्ठांच्या, बैठकीत त्यांचा स्वतःचा फोटो टांगलेला होता, हातात पुस्तक धरलेला. त्या पुस्तकाला त्यांनी फोटोपुरताच हात लावला असावा, पण फोटोत ते विद्वान दिसत. मलाही कशात तरी विद्वान दिसायचं होतं. आता त्या हौसेला आईचं नाव मिळालं आणि मी स्वतःला मातृभक्त समजू लागलो.

जालन्याच्या सदर बाजारात एका घड्याळजीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत फोटो निघत. घड्याळजी आणि फोटोवाला एकच. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मेंदी लावलेली दाढी, डोळ्याला काचेचं भिंग, आणि बोलणं असं की गिऱ्हाईक आल्याचं त्यांना दुःखच झालं आहे. त्या काळी फोटो मसाला लावलेल्या काचेवर उतरायचा. एक काच म्हणजे एक फोटो. लग्न म्हटलं की उस्ताद अर्धा डझन काचा, मागे लावायला रंगवलेला पडदा, संध्याकाळच्या अंधारासाठी पेटवायची उजेडाची पूड आणि दोन वेळचं जेवण असा सगळा जामानिमा सांगत.

मी तिथं माझी सगळी उर्दू पणाला लावली. पडद्यावरचा तलाव अत्यंत सुंदर आहे, पण आमच्या बदनापूरच्या मांडवाला तो शोभणार नाही, असं म्हणून पडदा उडवला. सूर्य बुडायच्या आत या, म्हणजे पूड नको, असं म्हणून पूड उडवली. जालन्यापासून बदनापूर रेल्वेनं लागूनच आहे, तेव्हा एक वेळच्या जेवणात जाणं-येणं होईल, असं म्हणून एक जेवणही उडवलं. शेवटी मी अदबीनं म्हणालो की काचही एकच आणा.

उस्तादांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "एकीच काच? मुन्शीजी, शादी है के कचेरी की हाजिरी?"

मी हसलो. माझ्या मते मी सौदा जिंकला होता. रस्त्यानं येताना मी स्वतःलाच दोनदा सांगितलं की शिक्षणाचा असा उपयोग करता आला पाहिजे.

निघताना उस्तादांनी दिवस आणि वेळ लिहून मागितली. त्यांच्या डोक्यात घड्याळांची टिकटिक असायची, तारखा राहत नसत. इथं माझं खरं शिक्षण उफाळून आलं. लग्न होतं गुरुवारी, गोरज मुहूर्तावर, म्हणजे गुरं परतायच्या वेळेला. सरळ "जुमेरात, संध्याकाळी" लिहिलं असतं तर पाचवीतल्या पोरालाही कळलं असतं. पण मला आठवलं की मुसलमानी हिशोबात दिवस मावळतीला सुरू होतो. त्यामुळं गुरुवारची रात्र ही त्यांच्या लेखी शुक्रवारची, जुम्म्याची रात्र. समोर मुसलमान उस्ताद बसलेत, तर त्यांच्याच हिशोबानं लिहिणं ही खरी अदब. मी कागदावर झोकदार अक्षरात लिहिलं: "शबे-जुमा, सूर्य मावळण्यापूर्वी." जुम्म्याची रात्र. रात्र म्हटल्यावर सूर्य कुठून येणार, हे माझ्या लक्षात आलं नाही. उस्तादांनी वाचलं, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि मान हलवली. त्या बघण्याचा अर्थ मी आदर असा घेतला.

लग्नाला आम्ही हसनाबादेहून बैलगाड्यांनी बदनापूरला गेलो. आईसुद्धा आली, कारण तिच्याशिवाय गाड्यांत काय कुठं बांधलंय हे कुणालाच सापडलं नसतं. आमचा जानवसा, म्हणजे नवरदेवाकडच्यांचा उतारा, मांडवाला लागूनच एका रिकाम्या घरात होता. आई तिथल्या आतल्या खोलीत बसली. तिथून मांडवातलं वाजंत्री ऐकू येत होतं; दिसत काही नव्हतं.

गुरुवारी दुपारपासून मी स्टेशनच्या रस्त्याकडं बघायला लागलो. जालन्याची गाडी आली, गेली. त्यातून एक पोतं आणि दोन म्हाताऱ्या उतरल्या. मला वाटलं पुढच्या गाडीनं येतील. पुढची गाडी आली तेव्हा मी घोड्यावर बसलेला होतो आणि घोड्याचं तोंड मांडवाकडं, माझं स्टेशनकडं, अशी आमची मिरवणूक निघाली. मागून काका ओरडत होते, समोर बघ, पडशील.

मांडवात उभं केलं, मधे अंतरपाट धरला, भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. मी मान उंच करून रस्त्याकडं बघत होतो. नव्या कोटाच्या कॉलरमुळं मान एका बाजूलाच वळत होती, म्हणून पाय वळवावे लागत होते. 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळून जाण्याची परंपरा आपल्याकडं जुनी आहे, ती मुलीकडच्या सगळ्यांना ठाऊक होती. मुलीच्या थोरल्या भावानं हळूच येऊन माझं कोपर धरलं. पहिल्या अष्टकाला नुसतं धरलं होतं, दुसऱ्याला आवळलं. शेवटच्या सावधानला माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या. अंतरपाट खाली गेला. समोर माझी बायको होती आणि मी तिच्या खांद्यावरून रस्ता बघत होतो. ती ही गोष्ट मला अजून ऐकवते, आणि तिला पूर्ण हक्क आहे.

लग्न लागलं. सूर्य गेला. उस्ताद आले नाहीत.

मी नमस्काराला जानवशात गेलो. आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. पाया पडलो तेव्हा तिनं डोक्यावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "निघाला का फोटो?"

फोटोवाला आला नाही असं मी सांगितलं. पुढं उस्तादांच्या बेइमानीबद्दल आणि एकूणच जालन्याच्या व्यापाऱ्यांबद्दल पुष्कळ बोललो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "असू दे. लगीन लागलं न्हवं," आणि माझ्या कोटावर पडलेली हळद झटकायला लागली. मला तेव्हा तिच्या तोंडाकडं बघवलं नाही. सौद्यात उडवलेली एकेक गोष्ट आठवत होती आणि वाटत होतं की एवढं पिळल्यावर कुठला माणूस येणार. आईनं एक वस्तू मागितली होती, ती मी स्वस्तात घ्यायला गेलो.

थोड्या वेळानं नव्या नवरीला सासूच्या पाया पडायला आत नेलं. तिथं काय झालं ते मला फार पुढं बायकोकडून कळलं. आईनं तिला जवळ बसवलं होतं आणि विचारलं होतं की कसं झालं ते सांग, तू कुठं उभी होतीस, तो कुठं होता, अक्षता कोणत्या बाजूनं पडल्या. मांडवात नवरी खाली मान घालून उभी होती, तिला तरी काय दिसलं असणार. तिनं सासूला 'आत्याबाई, आत्याबाई' म्हणत जमेल तेवढं सांगितलं. आई "मंग? मंग?" करत राहिली.

शुक्रवारी दुपारी जेवणं उरकून आमच्या गाड्या जुंपायची तयारी चालली होती. काकांना उजेड आहे तोवर राजूरचा रस्ता गाठायचा होता, म्हणून ते सगळ्यांवर खेकसत होते. तेवढ्यात स्टेशनकडून एक हमाल डोक्यावर पेटी आणि बगलेत लाकडी तिकाटणं घेऊन येताना दिसला, आणि त्याच्यामागं कडक इस्त्रीची शेरवानी घातलेले उस्ताद. जुम्म्याची नमाज पढून, न्हाऊन-माखून, अत्तर लावून आले होते. मांडव बघून म्हणाले, "वक्त से पहले आ गये ना हम? अभी सूरज बहुत बाकी है."

मी काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. आधी उर्दूत बोललो, मग राग आवरेना तसा मराठीत आलो, आणि शेवटी हसनाबादच्या रानातल्या मराठीत. उस्तादांनी शांतपणे खिशातून माझी चिठ्ठी काढली आणि सासऱ्यांच्या हातात दिली. सासऱ्यांना उर्दू येत नव्हती, म्हणून त्यांनी ती पोलीस पाटलांना दिली. पाटलांनी मोठ्यानं वाचली, "शबे-जुमा. जुम्म्याची रात्र." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "जावईबापू, जुम्मा तर आज हाय."

मी सांगायला लागलो की मुसलमानी हिशोबात गुरुवारची रात्र हीच जुम्म्याची रात्र असते, मी उस्तादांच्या सोयीनं लिहिलं होतं. उस्तादांनी कपाळावर हात मारला.

"हौ, वो हमको मालूम है. पर मैं बोला, ये हिंदू की चिट्ठी है, हिंदू के हिसाब से पढ़ना. उनका रात तो दिन के पीछे आता. ऊपर से सरकारी नौकर, जुम्मे की छुट्टी, छुट्टी में शादी. मैं तुमारी सोय देखा, मुन्शीजी."

मी त्यांच्या हिशोबानं लिहिलं, त्यांनी माझ्या हिशोबानं वाचलं. दोघांनीही सरळ वागायचं सोडून एकमेकांची अदब राखली आणि मधल्यामधे गुरुवार निसटला. मांडवात हशा पिकला. माझा मेहुणा, ज्यानं काल माझं कोपर आवळलं होतं, तो खांबाला धरून हसत होता. मला वाटलं होतं की नवा जावई म्हणून निदान चार दिवस तरी माझा मान राहील. तो एका दिवसात आटोपला.

उस्ताद परत जायला तयार नव्हते. काच भरून आणलेली होती, मसाला त्यांच्या म्हणण्याप्रमाणं उतावळा झाला होता, आणि फोटो न काढता पैसे घेणं त्यांच्या उसूलात बसत नव्हतं. ते म्हणाले, त्यात काय, परत उभे राहा, परत पडदा धरा, फोटोला काय कळतंय काल की आज. मुंडावळ्या अजून सुकल्या नव्हत्या. नवरीला बोलावलं. अंतरपाट घडी घालून भटजींच्या पिशवीत गेला होता, तो मागितला तेव्हा भटजी मधे पडले.

भटजी म्हणजे लहान अंगाचे आणि मोठ्या आवाजाचे गृहस्थ. लग्न काय दोनदा लावायची गोष्ट आहे का, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. मंत्र म्हणणार नाही, अष्टकं म्हणणार नाही, होम पेटणार नाही. सासऱ्यांनी हात जोडले, फक्त कापड धरा म्हणाले. भटजींनी तपकीर ओढली आणि निकाल दिला.

"धरतो कापड. पर आधीच सांगून ठेवतो, ह्याला मुहूर्त न्हाई, मंत्र न्हाई. हे लगीन न्हाई. हा पोरांचा बाहुला-बाहुलीचा खेळ हाय. ह्याच्यात शुभ न्हाई आन् अशुभबी न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कापड निघालं. आणि तेव्हा माझी बायको बोलली. खाली मान, तोंडावर पदर, आवाज जेमतेम. पण नवरी माणसांच्या गर्दीत बोलली, म्हणून सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या.

"शुभ-अशुभ काईच न्हाई तर मंग आत्याबाईंनी बाहेर आलं तर चालंल का?"

भटजींच्या बोटातली तपकीर तशीच राहिली. त्यांचाच निकाल होता, माघार कशी घेणार. त्यांनी सासऱ्यांकडं बघितलं, सासऱ्यांनी काकांकडं, काकांनी बैलांकडं. मी कुणाकडंच बघितलं नाही. चार बुकं शिकलेल्या, जुम्म्याच्या रात्रीचा हिशोब कळणाऱ्या माझ्या डोक्यात ही साधी गोष्ट आली नव्हती. ती काल आलेल्या मुलीला सुचली. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला, आणि नवरदेवाला रडू येणं शोभत नाही म्हणून मी कॉलर नीट करत बसलो.

काकूच धावत जानवशात गेली. आई दारापर्यंत आली, हातात गाडीत ठेवायचं गाठोडं. तिला सांगितलं. ती मागं सरली. लोक काय म्हणतील, तुमचं होऊ द्या, मी हितूनच बघते, तिचं आपलं चालूच. काकूनं ओढलं तर उंबऱ्याला पाय रोवले. मी गेलो तर मला म्हणाली की तू नवरदेव आहेस, इकडं तिकडं फिरू नको. आम्हा सगळ्यांचे उपाय थकले.

इकडं उस्तादांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते काळ्या कापडाखाली डोकं घालून उभे होते. त्या पेटीत सगळी माणसं उलटी दिसतात. पाय वर, डोकी खाली. तिथूनच त्यांचा चिडका आवाज आला, "बाजू में जगह खाली पड़ी है! ये क्या, पाव काच खाली! वो अम्माँ कायकू दूर खड़ी? उनको लाओ, नहीं तो काच फुकट जाती."

आईनं मला विचारलं, "काय फुकट जातंय?"

मी म्हणालो, काच. एकच आणलीय. तिचा एक कोपरा रिकामा जातोय.

आता माझी आई म्हणजे कणसातला दाणा खाली पडला तर खळ्यात वाकून उचलणारी बाई. फाटलेल्या पोत्याचा दोरा काढून गुंडाळून ठेवणारी. पैसे दिलेली वस्तू पाव फुकट जातेय, हे तिला सोसेना. तिनं गाठोडं खाली ठेवलं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि चालत येऊन उस्तादांनी दाखवलेल्या जागी उभी राहिली. माझ्या चिक्कूपणाचा आयुष्यात कुणाला उपयोग झाला असेल तर तो एवढाच. दोन काचा असत्या तर आई आली नसती, हे मी शपथेवर सांगेन.

उस्तादांनी आम्हाला उभं केलं. कापड एवढं खाली धरा की तोंडं दिसली पाहिजेत. सगळ्यांनी अक्षता मुठीत घ्या, हात वर करा, टाकल्यासारखं दिसलं पाहिजे. पण टाकायच्या नाहीत. मांडवात सावली होती, त्यामुळं काच हळू घेणार होती. भिंगावरचं झाकण काढून ते परत लावेपर्यंत कुणी हललं तर तेवढं धूर होऊन जाईल. "पुतले हो जाव सब," ते म्हणाले. सगळे हात वर करून उभे राहिले. काकूनं डोळे गच्च मिटले, कारण हलायचं नाही याचा अर्थ तिनं तसा घेतला. मी विद्वान दिसायचा प्रयत्न करत होतो. आईच्याही मुठीत कुणीतरी अक्षता दिल्या होत्या. तिनंही हात वर केला.

उस्तादांनी झाकण काढलं. मांडवात माशीचासुद्धा आवाज नव्हता. आणि त्या शांततेत, कापडाचं टोक धरून उभे असलेले भटजी एकदम पुटपुटले, "शुभमंगल सावधान."

सवयीनं तोंडातून गेलं की मुद्दाम म्हणाले, हे मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही. ते माझ्यापासून हातभर अंतरावर होते आणि त्यांचा आवाज मी कधी एवढा बारीक ऐकला नव्हता.

आईनं अक्षता टाकल्या. बाकी सगळे पुतळे होते. फक्त तिच्या मुठीतले चार दाणे माझ्या कोटावर पडले, चार बायकोच्या पदरावर. उस्ताद ओरडले, पण झाकण लावून झालं होतं. आई तोंडाला पदर लावून म्हणाली, "चुकलं," आणि गाठोड्याकडं निघाली. काका म्हणाले जल्दी करा, गाड्या निघाल्या.

फोटो तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा मी कचेरीतून थेट दुकानात गेलो. उस्तादांनी तो खिडकीजवळ नेऊन दाखवला. मी त्यात कसा दिसतो ते सांगणं भाग आहे. डोळे वटारलेले, मान कॉलरमधून एका बाजूला, आणि पेशकारांकडून मागून आणलेलं मनगटी घड्याळ दिसावं म्हणून हात असा वाकडा की तो मोडलाय असं वाटतं. बायकोचं तोंड मात्र स्पष्ट आलंय, आणि ती चक्क हसतेय. काकू झोपलेली दिसते. डाव्या बाजूला आई. चेहरा इतका नीट आलाय की कपाळावरचं गोंदणही मोजून घ्यावं. पण उजव्या हाताला मनगटाच्या पुढं बोटं नाहीत. नुसता पांढरा धूर.

उस्तादांना ते लागलं होतं. म्हणाले की ब्रशनं हात काढून देतो, वेगळे पैसे नकोत, लोकांनी बघितलं तर माझ्या दुकानाचं नाव जाईल. फुकट मिळणारी वस्तू मी त्याआधी आणि त्यानंतर कधी नाकारली नाही. ती नाकारली.

हसनाबादेला फोटो नेला. आईनं हात धुऊन, पदराला पुसून तो घेतला आणि ओसरीच्या कडेला उजेडात बसून बघितला. आधी आम्हा दोघांना बघितलं, मग एकेक पाहुणा ओळखला. स्वतःपाशी आली तेव्हा थांबली. त्या धुरावर तिनं बोट ठेवलं. मला वाटलं होतं ती खूश होईल, पण तिचं तोंड उतरलं.

"मी हालले," ती म्हणाली. "सगळे कसे नीट उभे हायेत. म्याच तुमचा फोटो नासवला."

बायको चुलीपाशी होती, ती पिठाच्या हातानंच बाहेर आली आणि आईच्या खांद्यावरून वाकून फोटो बघू लागली.

"नासला न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "बघा की. बाकीच्यांच्या अक्षता अजून मुठीतच हायेत. आमच्या अंगावर तुमच्याच पडल्या."